आमचा ब्लॉक आम्हाला द्या: मराठवाड्यातल्या डॉक्टरांना खुलं पत्र

प्रति,
मराठवाड्यातील कर्करोगतज्ज्ञ, सर्जन, पॅथॉलॉजिस्ट आणि तालुक्या-तालुक्यातले फॅमिली डॉक्टर,
आठही जिल्हे.

विषय: कॅन्सरच्या पेशंटला दुसरं मत घेण्यासाठी रिपोर्ट, स्लाइड आणि ब्लॉक विनाकटकट मिळण्याबाबत.

सन्माननीय डॉक्टरसाहेब, डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

मागणं विषयाच्या ओळीतच आलंय. घरात बायकोला किंवा नवऱ्याला कॅन्सर निघाला आणि उपचार सुरू व्हायच्या आधी आणखी एका तज्ज्ञाला विचारावंसं वाटलं, तर तुमच्याकडून सगळे कागद, तपासणीच्या काचपट्ट्या म्हणजे स्लाइड, आणि बायोप्सीचा ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा, मिळावा. मागितल्या दिवशी मिळावा आणि कपाळाला आठी न घालता मिळावा. एवढ्याशा गोष्टीसाठी जाहीर पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. हा ब्लॉक मागायला गेलेल्या नातेवाइकाकडं तुमच्या काउंटरवर चोराकडं बघावं तसं बघतात, म्हणून लिहितोय.

मी परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कृषी सेवा केंद्र चालवतो. मागच्या वर्षी हिच्या डाव्या छातीत गाठ लागली. आधी आठ-पंधरा दिवस बोललीच नाही, मग बहिणीला सांगितलं, बहिणीनं मला. सोनोग्राफी, मॅमोग्राफी, बायोप्सी झाली. रिपोर्ट आला तो दोन पानांचा. पहिल्या पानावर कॅन्सर असल्याचं. दुसऱ्या पानावर आयएचसी, म्हणजे पेशींतली प्रथिनं रंगानं ओळखायची तपासणी: ईआर निगेटिव्ह, पीआर निगेटिव्ह, हर-टू टू प्लस. त्याखाली बारीक टाइपात, 'इक्विव्होकल, फिश तपासणी करून घ्यावी.'

सर्जनसाहेबांनी पहिलं पान वाचलं, हिला तपासलं आणि मला एकट्याला आत घेऊन सांगितलं, "सोमवारी घेऊ. पूर्ण काढून टाकू, विषय संपवू. योजनेत बसतंय, आरोग्यमित्राला भेटा, आजच अॅडमिट करा." मी दुसरं पान पुढं केलं. औषधाच्या डब्यावरचा बारीक टाइप वाचायची आमच्या धंद्यात सवय असते. म्हटलं, साहेब, ही फिश काय असते? म्हणाले, "ते नंतर बघू."

तुम्हाला हे सांगायची गरज नाही, पण पत्र उघडं आहे आणि उद्या कुणाच्या तरी घरात हाच कागद येणार आहे, म्हणून लिहितो. ईआर, पीआर म्हणजे हार्मोन पकडणारी प्रथिनं, आणि हर-टू हे कॅन्सरच्या पेशीवर सापडणारं आणखी एक प्रथिन. शून्य किंवा वन प्लस आलं तर निगेटिव्ह धरतात, थ्री प्लस आलं तर पॉझिटिव्ह. टू प्लस म्हणजे मधलं. तिथं निकाल लागलेला नसतो आणि तो फिशनं, म्हणजे पेशीतला हर-टूचा जनुक मोजणाऱ्या तपासणीनं, लावायचा असतो. पॉझिटिव्ह निघालं तर ट्रॅस्टुझुमॅब नावाचं वेगळं औषध आहे, साधारण वर्षभर दर तीन आठवड्यांनी द्यायचं. आणि गाठ हिच्याएवढी असेल तर बहुतेक वेळा आधी केमो आणि हे औषध देतात, गाठ लहान करतात, ऑपरेशन नंतर. म्हणजे दुसऱ्या पानाच्या शेवटच्या ओळीवर सगळ्या उपचारांचा क्रम अवलंबून होता. यातलं त्या दिवशी मला काहीही कळत नव्हतं. कळत होतं ते इतकंच, की ज्या कागदावर अजून एक तपासणी करा म्हणून लिहिलंय, त्या कागदाच्या जोरावर सोमवारी कुणाची छाती काढू नये.

मी म्हटलं, एकदा मुंबईला दाखवून येतो. साहेबांचा आवाज चढला नाही, पण फाइल मिटली. "जा की. पण मग तिकडंच करा सगळं. इथं मधूनच आलेली केस आम्ही घेत नाही." बाहेर आल्यावर हिनं विचारलं, काय झालं? साहेब रागावले का? कॅन्सरचं निदान होऊन एक दिवस झालेल्या बाईला पहिली काळजी कशाची, तर डॉक्टर रागावले का याची.

मग लॅबचा काउंटर. ब्लॉक म्हटल्यावर पोरगं म्हणालं, तो बाहेर देत नसतात. मग म्हणालं, डॉक्टरांची चिठ्ठी आणा. चिठ्ठी आणल्यावर, मोठे साहेब संध्याकाळी येतील. माझ्या आधी रांगेत जिंतूरकडची एक बाई होती. नवऱ्याच्या जबड्याचा कॅन्सर, गुटख्याचा. तो गाडीत बसून होता, तोंड उघडत नव्हतं. तिलाही नवऱ्याच्या स्लाइड हव्या होत्या, बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयात दाखवायच्या होत्या. तिला त्या पोरानं सांगितलं, "कोणी जाणतं माणूस घेऊन या, मग देतो." ती म्हणाली, "मी बायको हाय त्यांची. अजून कोणतं माणूस आणू?" पोरगं मोबाइलकडं बघत राहिलं. मी शर्ट-पँटीतला, थोडं तावातावानं बोलणारा, म्हणून संध्याकाळपर्यंत का होईना माझं काम झालं. तिचं त्या दिवशी झालं नाही. डॉक्टरसाहेब, नवरा आजारी असला की दुसरं मत मागायला बायकोच येणार. ती पदर सावरत, हळू आवाजात मागणार. तिला परत पाठवायला एक वाक्य पुरतं, हे तुमच्या स्टाफला चांगलं ठाऊक आहे.

अखेर ब्लॉक हातात आला. किती लहान वस्तू ती! प्लास्टिकची छोटी चौकट, तिच्यात मेण, मेणात दोन मिलिमीटरही जाड नसतील असे पांढुरके तुकडे आणि कडेला पेन्सिलीनं लिहिलेला नंबर. गोळ्यांच्या कागदी पाकिटात घालून, वर स्टेपलर मारून दिला. पावती नाही, नोंद नाही, सही नाही. म्हणजे द्यायचा नव्हता तेव्हा शंभर नियम होते आणि दिला तेव्हा एकही नाही.

तुमचा राग मला अगदीच कळत नाही असं नाही. शेतकरी कपाशीचं वाळलेलं पान घेऊन माझ्या दुकानात येतो. मी पान उलटसुलट करून बघतो, रोग सांगतो, औषध सांगतो. तो "बरं" म्हणतो आणि तेच पान खिशात घालून समोरच्या दुकानात जातो. मला राग येतो. पण त्याचं अख्खं वर्ष त्या रानात अडकलेलं असतं आणि पान त्याचं असतं, हे मला नाकारता येत नाही. शिवाय त्यातले निम्मे तरी परत येऊन माझ्याकडूनच औषध नेतात, आणि तेव्हा भाव करत नाहीत.

मुंबईत काय झालं तेही सांगतो. तिथल्या मॅडमनी पहिल्या डॉक्टरांना एका शब्दानं नावं ठेवली नाहीत. निदान बरोबर आहे म्हणाल्या, बायोप्सी नीट घेतली आहे म्हणाल्या. ब्लॉक पुन्हा तपासला, फिश केली, ती पॉझिटिव्ह आली. आधी केमो आणि ट्रॅस्टुझुमॅब, मग ऑपरेशन, असा क्रम लिहून दिला आणि म्हणाल्या, "हे सगळं तुमच्या भागात होऊ शकतं. इथं येऊन राहण्याची गरज नाही." त्याप्रमाणं केमो संभाजीनगरला झाली, ऑपरेशनही मराठवाड्यातच झालं. ज्यांनी मधूनच आलेली केस घेत नाही म्हणून सांगितलं, त्यांच्याकडं अर्थातच गेलो नाही.

आणि एक. मॅडमनी मला गप्प बसवून हिला विचारलं, की गाठ लहान झाली तर नुसती गाठ काढून छाती ठेवता येईल, पण मग शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यावाच लागेल, रोज जायचं, तीन-चार आठवडे. तुम्हाला काय हवंय? मला वाटलं ही माझ्याकडं बघेल. हिनं बघितलं नाही. शेक कुठं मिळेल, तिथं बहिणीकडं राहून चालेल का, स्वयंपाक करता येईल का, असे प्रश्न हिनंच विचारले आणि निर्णय हिनंच सांगितला. छाती वाचवून शेक दिला तरी जगण्याची शक्यता पूर्ण छाती काढण्याइतकीच राहते, हे इटलीतल्या व्हेरोनेसी आणि अमेरिकेतल्या फिशर यांच्या अभ्यासांनी दाखवून दिलं. वीस वर्षांच्या पाठपुराव्याचे त्यांचे निष्कर्ष २००२ साली छापून आले. प्रत्येकीला ते लागू पडतं असं नाही, हे मान्य. शेक घ्यायला जायची सोय नसेल तर पूर्ण काढलेलं बरं, असा सल्ला तुम्ही देता तोही आमच्या भागाचे रस्ते आणि एसट्या बघून देता, हेही मान्य. पण विचारायचं तरी तिला! शरीर तिचं आणि बाकावर बसवायचं तिलाच, आत बोलावायचं नवऱ्याला, ही आपल्याकडची पद्धत मला तोवर कधी खटकली नव्हती.

आता कायद्याचं. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीत आहे की पेशंटनं किंवा त्याच्या अधिकृत माणसानं कागदपत्रं मागितली तर ७२ तासांत द्यायची. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं २०१८ मध्ये रुग्ण हक्कांची सनद तयार केली आणि २०१९ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं ती राज्यांकडं अंमलबजावणीसाठी पाठवली. दुसरं मत घेण्याचा हक्क तीत स्वतंत्रपणे लिहिलेला आहे. त्यासाठी लागणारे कागद उशीर न करता आणि जादा पैसे न घेता द्यावेत, आणि दुसरं मत घेतलं म्हणून पेशंटला वेगळी वागणूक दिली तर ते मानवी हक्काचं उल्लंघन समजावं, इथपर्यंत त्या सनदेत आहे. आपल्या राज्यानं २०२१ मध्ये नर्सिंग होमच्या नियमांत दुरुस्ती करून रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावणं सक्तीचं केलं. काही ठिकाणी ती लावलेलीही आहे. एका दवाखान्यात मी ती वाचली, वॉटर फिल्टर थोडा बाजूला सरकवून.

दुसऱ्या मताची किंमत मराठवाड्याला नव्यानं शिकवायला नको. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्यांचा प्रश्न विधिमंडळात गाजला, चौकशी समिती नेमली गेली. तिशी-पस्तिशीतल्या बायांच्या पिशव्या काढलेल्या. त्यातल्या कितीजणींना काय सांगितलं होतं? "पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल." कॅन्सर हा शब्द उच्चारला की आपला माणूस सही करतो, दागिने मोडतो, रान गहाण टाकतो. त्या प्रकरणानंतर बीडमध्ये खासगी डॉक्टरांनी गर्भपिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी असं ठरलं. म्हणजे सरकारनंच तिथं दुसरं मत सक्तीचं केलं! हे सगळ्या डॉक्टरांना लावून बोलायचं नाही मला. पण कॅन्सरचं नाव ऐकलेला माणूस आणखी एकाला विचारू म्हणाला, तर या भागात त्याला तसं वाटण्याला कारण आहे.

आणि दुसरा संशय कटचा, म्हणजे कमिशनचा. "त्याच सेंटरला स्कॅन करा, दुसरीकडचा चालणार नाही" असं म्हटलं की लोक एकमेकांकडं बघतात. याला उत्तरही डॉक्टरांनीच दिलेलं आहे. विंचूदंशावरच्या कामासाठी जगभर माहीत असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे आपल्या जालना जिल्ह्यातले. पेशंट पाठवल्याबद्दल त्यांना एका तपासणी केंद्राकडून बाराशे रुपयांचा चेक आला, तर त्यांनी २०१३ मध्ये सरळ वैद्यक परिषदेकडं तक्रार केली.

तुमची बाजूही ऐकलीय मी. आमचे फॅमिली डॉक्टर माझे मित्र आहेत, ते सांगतात. "दुसरं मत घेऊन येतो" म्हणून गेलेला पेशंट सहा महिन्यांनी येतो तो गाठ फुटून, वास येत असलेला. मधल्या काळात तो कुठं होता? कुठल्या तरी जडीबुटीवाल्याकडं, नाहीतर गोमूत्र आणि हळदीवर. नातेवाईक रात्री दहाला मोबाइलवर आलेला मेसेज दाखवून वाद घालतात. सगळं खरं. पण तो पेशंट जडीबुटीवाल्याकडं का गेला हेही बघा. हिचं निदान झाल्यावर आमच्या घरी मत द्यायला कोण आलं नाही? शेजारीण, सोयरे, दुकानावर युरिया घ्यायला आलेले लोक. सुई टोचली की पसरतो, हात लावला की पसरतो, अमक्या गावचा महाराज राख देतो. ही मतं फुकट, घरपोच आणि न मागता मिळतात. डॉक्टरचं दुसरं मत मात्र मागावं लागतं, त्यासाठी अपमान सोसावा लागतो. ज्या बाईला "जाणतं माणूस आणा" म्हणून परत पाठवलं, तिला महाराजाच्या मठात कुणी जाणतं माणूस मागणार नाही.

उलट झालेलंही बघितलंय. आमच्या गल्लीतल्या एका गुरुजींनी पत्नीच्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी दुसऱ्या ठिकाणी दाखवलं. तिथं शब्दशः तेच सांगितलं, जे लातूरच्या त्यांच्या डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं. लातूरच्या डॉक्टरांनी स्वतः पत्र लिहून दिलं होतं, हसत म्हणाले होते, "दाखवून या, मलाही कळेल." गुरुजी परत त्यांच्याकडंच आले, आणि शेक-केमोच्या काळात बाईंना कितीही त्रास झाला तरी उपचार सोडून द्यायचा विचार त्या घरात कुणी केला नाही. मध्येच उपचार सोडणारे पेशंट ही तुमची मोठी डोकेदुखी आहे ना?

प्रत्येकानं मुंबई गाठावी असंही नाही. संभाजीनगरला आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, लातूरला विवेकानंद रुग्णालय आहे, धाराशिव-बीडकडच्या लोकांना बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय पिढीपासून माहीत आहे. मुंबईत परळच्या टाटा कॅन्सर रुग्णालयाच्या आणि नॅशनल कॅन्सर ग्रिड या देशभरातल्या कॅन्सर रुग्णालयांच्या जाळ्यातल्या तज्ज्ञांचं मत 'नव्या' या ऑनलाइन सेवेतून घरबसल्याही मिळतं. ज्याला परळला जायचंच आहे त्याला तपोवन एक्स्प्रेस आहे, देवगिरी एक्स्प्रेस आहे. कॅन्सरच्या पेशंटला उपचारासाठी जाताना रेल्वे स्लीपर आणि थर्ड एसीला तिकीट माफ करते, सोबतच्या माणसाला ७५ टक्के सवलत देते. फक्त त्यासाठी दवाखान्यानं एक फॉर्म भरून द्यावा लागतो. म्हणजे इथंही गाडी तुमच्या टेबलापाशीच येऊन थांबते. ऑनलाइन मत देणाऱ्यालाही कागद लागतात, आणि कागद तुमच्या कपाटात.

म्हणून मागणं थोडं नीट मांडतो. रिपोर्ट हातात देता त्याच वेळी सांगा, "कुणाला दाखवायचं असेल तर दाखवा, ब्लॉक लॅबमधून मिळेल." हे तुम्ही आपणहून म्हणालात की आमचा अर्धा संकोच जातो. ब्लॉक एकच असतो, हरवला तर पुन्हा बायोप्सी, ही लॅबची भीती रास्त आहे. मग रजिस्टर ठेवा, सही घ्या, ओळखपत्राची झेरॉक्स घ्या, परत आणून द्या म्हणून लिहून घ्या. बायकोची सही नवऱ्याच्या सहीइतकीच धरा. बायोप्सीचा तुकडा नातेवाइकाच्या हाती देऊन लॅबला पाठवता, तेव्हा बाटलीत फॉर्मॅलिन, म्हणजे तुकडा टिकवणारं औषध, पुरेसं आहे ना एवढं बघा. सलाइनमध्ये नेलेल्या तुकड्यावर पुढं कुणीही मत देऊ शकत नाही, पहिलंही नाही आणि दुसरंही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: किती थांबता येईल ते सांगा. मुंबईच्या मॅडमनी मला सांगितलं की छातीच्या गाठीला आठ-पंधरा दिवसांनी सहसा फरक पडत नाही. पण रक्ताचा वेगानं वाढणारा कॅन्सर, मणक्यात नस दाबली जाऊन पाय लुळे पडू लागणं, श्वासनलिका अडणं, रक्तस्राव, इथं एक दिवसही घालवू नये. हा फरक आम्हाला कुठून कळणार? "सोमवारीच" म्हणालात तर का सोमवारीच, ते सांगा. खरोखर घाई असेल तर आम्ही दुसरं मत बाजूला ठेवून सोमवारी येऊ. नसेल तर एका तारखेपर्यंत मुभा द्या, आणि तारीख उलटली तर तुमच्या दवाखान्यातून एक फोन येऊ द्या. सहा महिन्यांनी गाठ फुटून येणारे त्यातले काही तरी पंधराव्या दिवशी येतील.

परत आलेल्याला पुन्हा दारात घ्या, हेही लिहायला हवं. जिंतूरकडच्या त्या बाईचं पुढं काय झालं मला माहीत नाही. ती तुमच्यापैकी कुणाच्या ओपीडीत बसलेली असेल तर तिच्या नवऱ्याच्या स्लाइड तिला मिळाल्या का, एवढं विचारा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
परभणी जिल्ह्यातला एक कृषी सेवा केंद्रचालक

ता. क. नातेवाइकांसाठी: ब्लॉक मिळाला तर उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. ते मेण साठ अंशांच्या आत-बाहेर वितळतं आणि आपल्याकडं मे महिन्यात काच बंद केलेल्या गाडीत ते सहज होतं. डब्यात घालून जवळच्या पिशवीत ठेवा, आणि वरचा नंबर रिपोर्टवरच्या नंबराशी जुळतो का ते काउंटर सोडायच्या आधीच बघा.